चेकर आबांचे चार शेरे

चहाचा पहिला घोट घशाखाली उतरल्याशिवाय आबा मत देत नसत. घोट गेला की डावा हात पुढे यायचा. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासलं जायचं, जणू मधे कापडाची किनार धरली आहे. टपरीवरचे आम्ही सगळे त्या दोन बोटांकडे बघत राहायचो. मग आवाज यायचा, "सेकंड."

सुरतेतल्या डिंडोलीच्या आमच्या गल्लीपुरता तो सिनेमा तिथेच पडायचा.

आबा पॉवरलूमच्या खात्यात, म्हणजे माग चालतात त्या कारखान्यात, चेकर होते. कारीगरांनी विणलेला कापडाचा प्रत्येक ताका त्यांच्या टेबलावरून सरकायचा आणि त्यावर चारपैकी एक शेरा पडायचा. दोष नसेल तर फ्रेश. थोडा असेल तर सेकंड. तुकडे करूनच विकावा लागेल असा तो फेंट. आणि त्याच्याही खाली चिंधी. हेच चार शेरे ते सिनेमांना लावत. मी ऐकत होतो तेवढ्या वर्षांत त्यांनी फक्त दोन सिनेमांना फ्रेश म्हटलं. त्यातला एक त्यांनी लग्न ठरल्यावर पाहिला होता, त्यामुळे ते श्रेय सिनेमाचंच असेल असं नाही.

"कसा होता, आबा?" कोणीतरी विचारायचं.

"आई आंधळी, बहीण लंगडी, बाप दारुडा. एका ताक्यात एवढे दोष? त्या कारीगराला आधी घरी बसवा."

मारामारीचा सिनेमा असेल तर, "पंधरा जणांना लोळवलं आणि भांग मोडला नाही. फेंट. मारामारी एकीकडे विका, भांग एकीकडे." प्रेमाचा असेल तर, "तिला बर्फात पातळ साडीवर नाचवली. तिला सर्दी, मला ताप. चिंधी."

आम्ही पोट धरून हसायचो. पण हे शेरे सिनेमापाशी थांबत नसत, हे मला सांगायला हवं. गल्लीतले एक म्हातारे गेले तेव्हा अंत्ययात्रेला खूप गर्दी झाली. परत येताना आबा म्हणाले, "माणूस सेकंड, पण फ्रेशच्या थाटात गेला." म्हाताऱ्यांचा मुलगा दोन पावलं मागे चालत होता. एका घरी मुलगी बघायला पाहुणे आले होते. शेजारी म्हणून आबांना बोलावलं होतं. पोह्यांची बशी खाली ठेवत ते म्हणाले, "पोहे फ्रेश. पोरगी सेकंड." पाहुणे हसले, आणि आठ दिवसांनी नकार कळवला. ती मुलगी नंतर कितीतरी दिवस टपरीसमोरून न जाता मागच्या गटाराच्या बाजूने जायची.

तरी लोक त्यांना बोलवायचे. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. आपली पाळी नसते तोवर चेकर सगळ्यांना आवडतो.

मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या घरात त्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील त्याच खात्यात लूम चालवायचे. आबा मला नावाने हाक मारत नसत. "ए कॉलेज," म्हणायचे.

आमच्या भागात आठवड्यातून एक दिवस लाइट बंद असायची आणि त्या दिवशी लूम बंद. तो आबांचा सिनेमाचा दिवस. एकदा ते म्हणाले, "चल कॉलेज, बाराच्या शोला. बघू तुला बघायला शिकवलंय का." मला फार बरं वाटलं. अंधारात ते सारखे कुजबुजत विचारायचे, "सांग, आता काय दाखवतायत? साडी कसली? तो कोणाकडे बघतोय?" मला वाटायचं परीक्षा चालली आहे. मी वर्गात उत्तर द्यावं तसं सगळं नीट सांगायचो. दुपारी टपरीवर तेच त्यांच्या तोंडून तिखटमीठ लागून बाहेर यायचं, आणि मी मनात म्हणायचो, यात माझाही वाटा आहे.

चौथ्या की पाचव्या सिनेमाला रीळ तुटलं. आवाज गेला, पडदा पांढराफटक झाला. लोकांनी शिट्ट्या मारायच्या आधीचा एक क्षण शांत होता. त्या क्षणात आबांनी विचारलं, "आता कुठे बघतेय ती?"

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग शिट्ट्या सुरू झाल्या, आणि त्यांना कळलं की मला कळलं.

बाहेर शेंगदाण्याच्या गाडीपाशी उभं राहून ते म्हणाले, "डोळ्यांची शीर सुकलीय म्हणाला डॉक्टर. ऑपरेशन नाही. उजेड कळतो, माणसाचा आकार कळतो. बास."

"मग ताके कसे बघता?"

त्यांनी माझ्या शर्टाची बाही धरली आणि तिच्यावरून नख फिरवलं. "डबल तार नखाला अडते. तुटलेली तार बोटाखाली खड्डा देते. तेलाचा डाग नाकाला कळतो." टेबलावर वाकून ते कापड हुंगायचे तेव्हा आम्ही त्यांना मागून हसायचो, ते मला आठवलं. "चार वर्षं झाली. माझ्या हातचा एक ताका बाजारातून परत आलेला नाही. पण डोळे नाहीत म्हटल्यावर शेठ एक दिवस ठेवणार नाही. आणि टेबल गेलं तर मला सुरतेत जागा नाही. गावी पुतणे आहेत. तीन दिवस पाहुणा, चौथ्या दिवशी ओझं. कोणाला सांगू नको, कॉलेज."

मी आईची शपथ घेतली. ती घेताना मला खोटं काही वाटत नव्हतं, एवढं तुम्ही माना.

त्याच सुमारास कॉलेजच्या भित्तीपत्रकासाठी मी एका सिनेमावर लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव भिंतीवर लागलं. तो कागद मी उतरवून आणला आणि टपरीवर आबांना वाचून दाखवला. सात-आठ माणसं होती. 

आबांनी चहाचा घोट घेतला. बोटं घासली.

"चिंधी."

लोक हसले.

"अरे, हे तुझं मत कुठे आहे? माझंच धोतर धुऊन तुझ्या दोरीवर वाळत घातलंयस. त्यापेक्षा बापासारखा लूमवर उभा राहा. निदान स्वतःचं कापड तरी विणशील."

ते खरं होतं. म्हणूनच असेल, रात्रभर तोंड कडू राहिलं. दुसऱ्या दिवशी रस्त्यात एक कारीगर ओरडला, "काय चिंधी कॉलेज, पेपर आहे का आज?" आणि त्याच आठवड्यात आबांनी वडिलांचा ताका सगळ्यांसमोर सेकंडात टाकला. पुढे जे केलं ते वडिलांसाठी केलं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

पुढच्या सुट्टीला आम्ही पुन्हा बाराच्या शोला गेलो. सिनेमा आई आणि परागंदा झालेल्या मुलाचा होता. शेवटी मुलगा घरी येतो, दार ढकलतो. तिथे बोलणं नव्हतं, नुसती बासरी होती. पडद्यावर म्हातारी हातात आरतीचं ताट घेऊन उभी होती. ती मुलाला ओवाळू लागली.

"काय झालं?" आबांनी विचारलं.

"म्हातारी खाली पडलीय," मी म्हणालो. "डोळे उघडे आहेत. हालत नाही. तो दारातच उभा आहे."

 आबा हळूच म्हणाले, "अरेरे." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पडद्याच्या उजेडात ओला दिसत होता. तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. मी शेंगदाण्याची पुडी चुरगळली आणि उठलो.

टपरीवर त्या दिवशी गर्दी होती. निम्म्या लोकांनी तोच सिनेमा आदल्या आठवड्यात पाहिला होता.

"बोला आबा. सेकंड का?"

आबांनी घोट घेतला. बोटं घासली, नेहमीपेक्षा जास्त वेळ. "फ्रेश," ते म्हणाले.

मागचे लोक पुढे सरकले.

"आधीचं सगळं फेंट आहे. पण शेवटी म्हातारीला मारली, त्याला छाती लागते. पोरगा दारात आणि ती मेलेली. दुसरा कोणी असता तर तिला उठवून पोराला ओवाळायला लावलं असतं."

त्यांचा आवाज खरोखर भरून आला होता. मी रचलेल्या एकमेव गोष्टीला त्यांनी फ्रेश म्हटलं होतं, आणि मला त्याचा आनंद झाला, हेही लिहितो.

"आबा," कोणीतरी म्हणालं, "ओवाळलंच की तिने. म्हातारी कुठे मेली?"

"झोपला असशील तू."

"मी दोनदा बघितलाय! ताट, दिवा, सगळं आहे. विचारा कोणालाही."

दोघातिघांनी माना डोलावल्या. ज्याचे दोन ताके त्या महिन्यात सेकंडात गेले होते, तो कारीगर बाकावरून उठला. आबांच्या तोंडासमोर हात धरून म्हणाला, "आबा, किती बोटं?"

"तुझी? सहा असतील. त्याशिवाय एवढ्या तारा तुटत नाहीत."

लोक हसले, आणि क्षणभर वाटलं की आबा सुटले. पण त्याने हात खाली घेतला नाही. "हसू नका. आबा, सांगा ना. किती?"

आबांनी डोळे बारीक केले. मान थोडी वाकडी केली. "तीन," ते म्हणाले.

त्याची मूठ मिटलेली होती.

आधी कोणीच हसलं नाही. मग एक जण हसला आणि सगळी टपरी हसली. "आंधळा चेकर रे! आपले ताके आंधळ्याने सेकंडात टाकले!" मीही हसलो. न हसणारा मी एकटाच उरलो असतो, आणि ते लगेच सगळ्यांच्या लक्षात आलं असतं.

आबांनी मान वळवली. मी जिथे होतो त्याच्या हातभर डावीकडे बघत ते म्हणाले, "कॉलेज?"

मी ग्लास बाकावर ठेवला आणि घराकडे निघालो.

दुसऱ्या दिवशी मी वडिलांचा डबा द्यायला खात्यात गेलो, तर लूम चालू ठेवून कारीगर टेबलाभोवती जमले होते. बातमी शेठपर्यंत पोहोचली होती. शेठने मला पाहिलं. "कॉलेजियन, लाव, तारी पेन्सिल आप." माझ्या खिशात पेन्सिल होती. मी दिली. शेठने एका कोऱ्या ताक्यावर वीतभर रेघ ओढली आणि ताका आबांपुढे सरकवला.

आबांनी त्यावरून हात फिरवला. एकदा, दोनदा. नख लावलं. वाकून हुंगलं. लूमच्या खडखडाटात त्यांचा श्वास ऐकू येणं शक्य नव्हतं, पण त्यांची पाठ वरखाली होताना दिसत होती.

"फ्रेश आहे, शेठ."

कोणीतरी शिट्टी मारली. शेठने त्यांचं बोट धरून रेघेवर ठेवलं. "आ शुं छे, काका?"

"काय आहे?"

"पेन्सिल."

आबा सरळ उभे राहिले. "पेन्सिलचा दोष लूमवर होत नाही, शेठ."

एवढ्या चोख उत्तराला कोणी दाद दिली नाही. शेठ गोड आवाजात म्हणाले, "हवे आराम करो, काका." त्या दिवसापासून ते टेबल आबांचं राहिलं नाही. शेठने पेन्सिल मला परत दिली.

घरी आल्यावर मी वडिलांना सगळं सांगितलं. सिनेमात काय खोटं सांगितलं तेही. मला वाटलं होतं, निदान थोडं तरी हसतील. ते जेवत होते. घास तसाच हातात ठेवून गावच्या अहिराणीत म्हणाले, "मना ताका सेकंडच व्हता रे." मग जेवण अर्धवट टाकून हात धुवायला गेले.

नवा चेकर शेठचा भाचा होता. त्याचे डोळे उत्तम होते. पहिल्याच महिन्यात बाजारातून ताके परत आले, मग पुन्हा आले. खात्यात सगळ्यांना कारण माहीत होतं. आबांना परत बोलवा असं शेठला कोणी सांगितलं नाही. वडिलांनीही नाही, मीही नाही.

आबा आणखी तीन आठवडे गल्लीत होते. टपरीवर यायचे, चहा प्यायचे. सिनेमाबद्दल कोणी विचारायचं नाही. पोरं समोर येऊन मुठी मिटायची, "आबा, किती?" आणि पळायची.

ते गावी, शहाद्याकडे जायला निघाले त्या सकाळी मी त्यांच्या खोलीशी जाऊन उभा राहिलो. "मी येतो स्टँडपर्यंत," म्हणालो.  मी हात पुढे केला, पण त्यांनी हात धरला नाही. पिशवीचा एक बंद माझ्याकडे दिला आणि दुसरा स्वतः धरला. तशी ती पिशवी मधे धरून आम्ही रिक्षापर्यंत गेलो. माफी मागायचं वाक्य मी आदल्या दिवसापासून जुळवत होतो. रिक्षात ते तोंडापर्यंत आलं, पण आबा बाहेर तोंड करून बसले होते.

स्टँडवर गर्दी होती. एक गाडी येऊन लागली. पाटी गुजरातीत होती.

"काय लिहिलंय?" आबांनी विचारलं.

"शहादा," मी म्हणालो. "खरंच शहादा, आबा."

त्यांनी मान हलवली. मग माझ्या पलीकडे, लेकरू कडेवर घेऊन उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "ताई, ही शहाद्याचीच गाडी ना?"

"हो बाबा, चढा," ती म्हणाली.

मग ते चढले.