वरातीतली घोडी आणि माझी अडलेली कादंबरी

मंडळी, आज संध्याकाळी घणसोली गावात एक वरात अडली. खोदलेल्या रस्त्यावर लोखंडी पत्रा टाकला होता आणि घोडी त्यावर पाय ठेवेना. मालक लगाम ओढत होता.

माझं बालपण गावी वडिलांच्या घोड्यांमध्ये गेलं. न राहवून म्हणालो, "दादा, लगाम सैल सोडा. तिला मान खाली घालून बघू द्या."

"काका, मी पडलो तर?" वरून नवरदेव.

"वहिनी येईल उचलायला!" करवली ओरडली.

मालकाने लगाम सैल सोडला. घोडीने पत्रा हुंगला आणि शांतपणे ओलांडला.

माझ्या कादंबरीतली मुलगी कधीची घोड्यावर बसून पूर आलेल्या नदीच्या काठावर अडकलीय. घोडा पाण्यात उतरत नाही आणि मी तिला लगाम ओढायला लावतोय! घरी येताच तिचा हात सैल केला. दोघं पलीकडे पोचली.

तुम्हीही काही उगाच ओढून धरलंय का?