सीनेकाठची मोटार

लडाखच्या पोस्टिंगमध्ये मी सिग्नलचा हवालदार होतो. बर्फवादळाच्या आदल्या दिवशी सुभेदारसाहेब विचारायचे, "बॅटरी?"

"फुल, साहेब."

"लोड टाकून दाखव."

वायरलेस सेटवरच्या हिरव्या दिव्यावर त्यांचा विश्वास नव्हता. पुढे माझाही उरला नाही. तो संशय पेन्शनबरोबर मोहोळ तालुक्यातल्या आमच्या गावी आला.

पुराचा इशारा मोबाईलवर आला, तेव्हा मी घरच्यांची परेडच घेतली. पॉवर बँक भरलीय म्हणाले की फोन जोडून बघायचा. प्रत्येक बॅटरी पेटवून बघायची. कागदपत्रं आणि औषधं घट्ट झाकणाच्या डब्यात. फोनवर व्हिडिओ बंद. धाकटा भाऊ दत्ता हसायला लागला.

"दादा, आमच्यावर तरी इस्वास हाय का न्हाय?"

"न्हाय. आन् मोटार काढायला नदीत उतरायचं न्हाय."

"न्हाय जात की."

सीना नदीला पाणी वाढलं की आमच्याकडे माणसं आधी काठावरची पाणी उपसायची मोटार काढतात, मग घरचं बघतात. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. म्हणून दत्ताचं इतकं झटकन कबूल होणं मला खटकलं.

दुपारी लाईट गेली. दत्ता दिसेना. त्याची बायको सुनीता माझ्याकडे न बघताच म्हणाली, "गोठ्यात हायेत." गोठ्यात नुसती जनावरं होती, आणि खुंटीवरचा पाना नव्हता. फोन लगेच लागला. बॅटरीची काहीच चूक नव्हती.

"दत्ता, कुटं हायस?"

"गोठ्यात."

मागे पाण्याचा आवाज येत होता.

"वर ये. ऑर्डर हाय."

"एकच नट ऱ्हायलाय, दादा. आलोच."

मी पळत सुटलो. पोचलो तेव्हा दोन शेजारी वरून दोर ओढत होते. दत्ता खालून मोटारीला रेटा देत होता. मोटार वर आली. त्याच क्षणी त्याच्या पायाखालचा काठ ढासळला. मी हाका मारत राहिलो. दुसऱ्या दिवशी तो खालच्या बंधाऱ्यापाशी सापडला.

युनिटच्या स्थापनादिनी, रेझिंग डेला, शहीद झालेल्यांची नावं वाचतात. आम्ही सावधानमध्ये उभे असतो. यादी संपली की मी मनात दत्ताचं नाव घेतो आणि मला रडू आवरत नाही.

मोटार वाळवून पुन्हा बसवली. आमच्या उसाला पाणी तीच देते. बटण सुनीता दाबते. माझा हात धजत नाही.