गेनू लोहाराचा पत्रा

गेनूभाऊ लोहार कुणाच्याही गोठ्यात शिरला की आधी पाणी मागायचा नाही. सरळ कुट्टीच्या यंत्राकडे जायचा, उजव्या हाताची बाही वर सारायचा, हात यंत्राच्या तोंडात घालायचा आणि म्हणायचा, "फिरव चाक." घरधन्याला घाम फुटायचा. बायका तोंडाला पदर लावून मागं सरायच्या. चाकावर बहुतेक वेळा मीच असायचो.

मी तिसरी पास आहे. पुढं शिकलो नाही, कारण घरी म्हशी होत्या. पण हे माझ्या हातानं लिहितो, कुणाकडून लिहून घेत नाही. ज्याला शुद्धलेखन सुधारायचं त्यानं सुधारावं, मजकुराला हात लावू नये.

आमचं गाव लोहगडाच्या पायथ्याला. घरटी दोन-चार म्हशी, आणि दूध लोणावळ्याच्या बंगल्यांना. साठ सालाच्या आगंमागं गावात कुट्टीची यंत्रं आली. ज्यांनी पाहिली नसतील त्यांच्यासाठी सांगतो. एक मोठं लोखंडी चाक, त्याच्या आऱ्यांवर दोन धारदार पाती. समोर लाकडी पन्हळ. एकानं पन्हळीतून पेंढा पुढं सारायचा, दुसऱ्यानं चाक फिरवायचं. मध्ये दोन दातेरी रूळ पेंढा ओढून घेतात आणि पाती त्याचे तुकडे करतात. रुळांना पेंढा कुठला आणि हात कुठला ते कळत नाही.

एका संध्याकाळी आमच्या गोठ्यात चाकावर मी होतो आणि पेंढा सारायला माझी धाकटी बहीण तानू. सोळा वर्षांची. काहीतरी बोलत होती, हसत होती. मला चाक जरा जड लागलं. जड लागलं म्हणून मी जोर लावला.

एवढंच लिहितो. गेनूभाऊ ऐरण सोडून पळत आला. रूळ खोलल्याशिवाय हात सुटणार नव्हता. तानू ओरडत होती आणि तो एकेक बोल्ट काढत होता, तिच्याशी बोलत होता, "झालं बाय, झालं, ह्यो शेवटचा." शेवटचा म्हणत म्हणत त्यानं सहा बोल्ट काढले. मधली तीन बोटं गेली. अंगठा आणि वाकडी झालेली करंगळी राहिली.

मी भिंतीला टेकून बसलो होतो. जाताना गेनूभाऊ माझ्यापाशी थांबला. म्हणाला, "शिरपा, चूक तुजी न्हाई. यंत्राला तोंड दिलंय, डोळं द्यायचं इसरलेत."

त्यानंतर सात-आठ महिने त्यानं नांगराचे फाळ लावायला सुद्धा उशीर केला. लोक शिव्या देत. एक दिवस त्यानं मला बोलावलं. त्याच्या भट्टीपुढं एक जुनं यंत्र मांडलेलं. रुळांच्या अलीकडं पन्हळीवर त्यानं बिजागरीवर लोंबता जाड पत्रा बसवला होता. पेंढा पत्र्याखालून सरकायचा. हात मात्र पत्र्याला लागल्याशिवाय पुढं जाऊ शकत नव्हता. पत्रा ढकलला गेला की वरची लोखंडी खुंटी निसटायची, चाकाच्या आऱ्यांत पडायची आणि चाक जागच्या जागी थांबायचं.

"धर चाक," तो म्हणाला.

"मी न्हाई धरायचा."

"मंग कोन, तुजा आज्जा?"

"भाऊ, माज्याच्यानं व्हनार न्हाई. काठी घाल आन बघ."

"काठीनं काय कळतंय? हात घालनार म्हंजी हातानंच बघाया पायजे."

तास-दीड तास वाद झाला. शेवटी मी डोळे मिटून चाक फिरवलं. खट् आवाज आला आणि चाक थांबलं. डोळे उघडले तर गेनूभाऊ पाची बोटं माझ्या नाकापुढं नाचवत होता. मला तिथंच उलटी झाली.

दोन वर्षांत गावातल्या बावीस यंत्रांवर तो पत्रा बसला. प्रत्येक ठिकाणी त्याचं म्हणणं एकच, "आदी माजा हात, मंग तुमचा पेंढा." म्हाताऱ्या बायका त्याला झाडायच्या.

"गेन्या, एक दिस डाव्या हातानं जेवशील."

"डाव्यानं जेवीन मावशे, पर कालवण तुज्याच हातचं पायजे."

मग लोणावळ्याचा यंत्रं विकणारा एक दुकानदार आमच्या गोठ्यात आला. सगळे त्याला शेट म्हणत. त्यानं पत्रा वीत आणि बोटं लावून मोजला, चहा घेतला आणि गेला. महिन्याभरानं त्याच्या दुकानापुढं यंत्र उभं, वर तसाच पत्रा. गेनूभाऊ माझ्याबरोबर बघायला आला. त्यानं पत्रा नुसता अंगठ्यानं दाबला. तेलाच्या डब्याचा पत्रा होता. तो वाकला, आणि खुंटी जागची हलली नाही.

गेनूभाऊचा चेहरा तेव्हा पांढरा झालेला मी पहिल्यांदा पाहिला. परतताना तो रस्त्याच्या कडेला बसला.

"चोरलं तर चोरू दे," तो म्हणाला, "पर असं चोरलं? शिरपा, पत्रा नव्हता तवा बायका भ्यायच्या, हात लांब ठिवायच्या. आता माज्या पत्र्यानं त्यांची भीती गेली. त्या आत हात घालत्याल, आन ह्यो पत्रा वाकंल. मी बोटं वाचवाया गेलतो का कापाया?"

ती भीती मग माझ्याही अंगात शिरली. रोज दुधाच्या फेरीला जाताना वाटायचं, आज कुठल्या गावात.

मी ज्या बंगल्यांना दूध घालायचो त्यातला एक मुंबईच्या वकीलसाहेबांचा. सुट्टीला येत. मी त्यांना विचारलं, एखाद्यानं स्वतःच्या डोक्यानं वस्तू काढली तर ती दुसऱ्यानं वाईट करू नये असा कागद सरकार देतं का. ते हसले. म्हणाले, "देतं. त्याला पेटंट म्हणतात. माझं कामच ते आहे. त्या माणसाला रविवारी घेऊन या."

आता इथं मी माझी हुशारी चालवली. आमच्याकडं जमिनीचा तंटा झाला की काय बघतात? वहिवाट. किती वर्षं कसतोय, कुणी पाहिलंय, पंच काय म्हणतात. मी शनिवारी चावडीवर बसून स्वतः कागद लिहिला: 'सदरहू पत्रा गेनू लोहार यांनी स्वतःच्या डोक्याने काढला असून दोन वर्षे गावात बावीस यंत्रांवर उघडपणे चालू आहे व सर्वांनी डोळ्यांनी पाहिला आहे.' खाली चाळीस जणांचे अंगठे घेतले. इतका भक्कम कागद तालुक्यात कुणी केला नसेल असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, अजूनही कधीकधी वाटतं.

वकीलसाहेबांनी ओसरीवर आम्हाला खुर्च्या दिल्या. गेनूभाऊ खुर्चीवर न बसता पायरीवर बसला. आम्ही शेटच्या पत्र्याचं सगळं सांगितलं. साहेबांनी आधी चांगलं समजावलं. वस्तूचं वर्णन लिहायचं, आकृती काढायची, नवीन काय आहे ते नेमकं सांगायचं. कागद मिळाला की अमुक वर्षं दुसऱ्या कुणाला ती वस्तू परवानगीशिवाय करता येत नाही. परवानगी देताना पत्रा किती जाड हवा अशी अट घालता येते.

गेनूभाऊनं माझ्याकडं बघितलं. शेटचा पत्रा दाबल्यापासून पहिल्यांदा त्याच्या खांद्यांवरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. तेव्हा मी खिशातून माझा कागद काढून साहेबांपुढं ठेवला.

त्यांनी तो वाचला. परत वाचला. चष्मा काढला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हणालो. छाती काढूनच म्हणालो.

"जमिनीत उघड वहिवाट दाखवली की हक्क पक्का होतो," ते म्हणाले. "इथं उलट आहे. अर्जाच्या आधी वस्तू लोकांत उघड वापरली गेली असेल तर ती नवीन राहत नाही. मग पेटंट मिळत नाही. तुम्ही चाळीस जणांच्या अंगठ्यानिशी तेच लिहून आणलंय."

मी विचारलं, "आन कागद दाखवलाच न्हाई तर?"

साहेबांनी कागद परत माझ्यापुढं सारला. "मी वाचलाय, त्यामुळं मला अर्ज करता येणार नाही. दुसऱ्याकडं जाल, तर वस्तू अजून वापरात नाही असं लिहून सही यांना करावी लागेल. ती सही खोटी असेल. पुढं ते दुकानदार कोर्टात गेले तर उत्तर यांनाच द्यावं लागेल."

आम्ही वळवणच्या धरणाच्या बाजूनं निघालो. मी म्हणालो, "भाऊ, कागद मी लिवला, मीच फाडतो. दुसरा वकील बघू. कोन येतंय इचारायला?"

"आन पत्रा खोटा नको म्हनून मी खोटी सही करू?"

"बायांची बोटं वाचत्याल."

त्यावर तो थांबला. खरंच थांबला, बराच वेळ. त्याला माझं म्हणणं पटत होतं, ते मला दिसत होतं. मग त्यानं माझ्या हातातून कागद घेतला आणि खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

"ह्यो कुनाचा?"

तानूचा अंगठा होता. त्याच हाताचा, तिनंच हट्टानं लावला होता.

"तिच्या त्या हाताला धड ह्योच राह्यलाय," तो म्हणाला. "तिनं खरं सांगाया लावला. ह्यो मी फाडायचा?"

कागद त्यानं घडी करून कोपरीच्या खिशात ठेवला. पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही, मला काढू दिला नाही.

पेटंटचं दार बंद झालं तसा तो शेटच्या दुकानात गेला. म्हणाला, मापं मी देतो, फुकट घ्या, पत्रा तेवढा जाड लावा. शेट म्हणाला, "जाड पत्र्याचं यंत्र महाग पडतं भाऊ, गिऱ्हाईक उभं राहत न्हाई."

पुढच्या बाजाराच्या दिवशी गेनूभाऊ मला घेऊन त्याच दुकानापुढं उभा राहिला. माणसं गोळा झाली. त्यानं बाही वर सारली.

"शेट, यंत्र तुमचं, पत्रा तुमचा. माजा फकस्त हात. शिरपा, धर चाक."

शेटला लोकांपुढं नाही म्हणता येईना. मला वाटलं, एवढा भाऊ हात घालतोय म्हणजे शेटनं पत्रा बदलला असणार. मी चाक फिरवलं. खट् आवाज झाला नाही. मला चाक जरा जड लागलं.

मी चाकावर छाती घातली. दुसरं काही सुचलंच नाही. एक बरगडी मोडली, ती आजही पावसाळ्यात दुखते. चाक थांबलं. गेनूभाऊनं हात मागं घेतला. बोटं जागेवर होती, तीन नखांवर रुळाच्या दातांचे काळे वळ होते. त्यानं तो हात गर्दीला दाखवला आणि मग शेटला म्हणाला, "आता तुमी घाला."

शेटनं हात घातला नाही. संध्याकाळच्या आत दुकानातले सगळे पत्रे उतरवले. पुढं त्यानं गेनूभाऊच्या मापाचे जाड पत्रे लावले. इतका बदललेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

परतताना मी बरगडी धरून चालत होतो आणि गेनूभाऊला तोंडाला येईल ते बोलत होतो. "तुला ठावं व्हतं पत्रा वाकनार?"

"व्हय."

"मंग हात का घातलास?"

"चाकावर तू व्हतास."

"आन मी थांबलो नसतो तर?"

"धीट मानूस चाक जड लागलं की जोर लावतो," तो म्हणाला. "तू त्या दिसापासनं भितूस. तुज्याएवढा भ्यालेला मानूस मला सगळ्या मावळात गावला न्हाई. म्हनून तर दर बारीला तुलाच नेतो. काय तुजं तोंड बघाया?"

ही शिवी होती की शाबासकी, मला कळलं नाही.

त्यानंतर सात-आठ वर्षं आम्ही दोघं दुकानांतले पत्रे दाबत बाजार-बाजार फिरलो, कामशेत, वडगाव, पार आंदर मावळातल्या वाड्यांपर्यंत. भट्टीच्या धुरानं त्याची छाती गेली. शेवटच्या आठवड्यात त्याला नीट बोलता येत नव्हतं, तरी विचारत होता, फळणेच्या बाजूला एक नवा दुकानदार आलाय म्हणतात, त्याचा पत्रा कुणी दाबून बघितला का. मी म्हणालो, बघितला, जाड आहे. मी बघितला नव्हता. तो गेल्यावर तेराव्याच्या आधीच मी चालत जाऊन बघून आलो. जाड होता.

आता मोटारीवरची यंत्रं आली. मोटार भीत नाही आणि चाक जड लागलं तरी थांबत नाही. पत्र्यावर गेनू लोहाराचं नाव कुठंच नाही, आणि कोण कसला पत्रा लावतो त्याच्यावर कुणाचा हुकूमही नाही. म्हणून हे लिहिलं. घरी यंत्र असेल तर बंद करून त्याच्या तोंडावरचा पत्रा अंगठ्यानं दाबून बघा. वाकला तर आजच काढून फेका. उघडं यंत्र बरं. त्याला माणूस भितो.