माझी बहीण परत आली नाही, कारण ती गेलीच नव्हती

माझ्या ताईनं मरताना कसलाही पश्चात्ताप केला नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं. सकाळी चर्चमध्ये तिच्या स्मरणाची उपासना होती. आमच्या पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "लीला टीचर शेवटी तो टेलिस्कोप सोडून विश्वासाकडे परत आल्या."

लोक आमेन म्हणाले.

माझं डोकं अजून तापलेलं आहे. म्हणून लिहिते.

लीलाताई माझी मोठी बहीण. हायस्कूलमध्ये फिजिक्स शिकवायची. लग्न केलं नाही. विजयनगरला आमच्याच घरी वरच्या खोलीत राहायची. रविवारी संडे स्कूलचा वर्ग घ्यायची, आणि शनिवारी संध्याकाळी तीच मुलं आमच्या गच्चीवर.

अंधार हवा म्हणून ती घरातले सगळे दिवे घालवायला सांगायची. मी करंट बिलासाठी आनंदानं घालवायची.

तिचा एक नियम होता. आधी डोळे मिटून प्रार्थना, मग लेन्सला डोळा. मध्ये घुसणाऱ्याला ती रांगेत मागे पाठवायची.

ही म्हणे अविश्वासी.

एकदा एका मुलीनं विचारलं, "टीचर, बायबलमध्ये देवानं सूर्य चौथ्या दिवशी केला ना? मग आधीचे तीन दिवस मोजले कसे?"

ताई खूश झाली. "बरोबर पकडलंस. ते दिवस देवाचे. आपल्या सूर्यावर बेतलेले नाहीत. एकेक केवढा मोठा, ते त्यालाच ठाऊक."

मग तिनं मुलांना आकाशातला एक धुरकट ठिपका दाखवला.

"हा उजेड तिथून निघाला तेव्हा माणूस नव्हता. देव होता."

मी जिन्यात उभी होते. मुलं गेल्यावर म्हटलं, "ताई, पवित्र शास्त्राला हात लावू नको हं."

"शास्त्राला कुठे लावते गं. तुझ्या भिंतीवरच्या कॅलेंडरला लावते."

मी मॅट्रिक झालेली बाई. मला ते पटलं नाही. देवानं जग सहा दिवसांत केलं म्हणजे सहाच दिवसांत, मी आजही तसंच मानते. यावरून आमचं खूप वाजायचं. आणि झोपायच्या आधी दोघी एकाच सतरंजीवर गुडघे टेकायचो.

पण ती दिवसांची गोष्ट चर्चच्या कमिटीपर्यंत गेली. मुलांचा विश्वास डळमळतो म्हणून तिचा वर्ग काढून घेतला. त्याच कमिटीवाल्यांना आपल्या पोरांसाठी दहावीचं सायन्स मात्र हिच्याकडूनच हवं होतं.

तिनं शिकवलंही. उपासनेला यायचं तर कधी सोडलं नाही.

आता हॉस्पिटलचं सांगते. पाळकसाहेब भेटायला आले तेव्हा मी तिच्या उशाशी बसले होते. त्यांनी विचारलं, "टीचर, आकाश आणि पृथ्वी देवानं निर्माण केली, हे मानता ना?"

ताई म्हणाली, "होय. मानते."

एवढंच.

दिवस केवढे होते, ते त्यांनी विचारलं नाही. ताऱ्यांचं विचारलं नाही. ते एक होय घेऊन गेले आणि वर्षभर तो तिचा पश्चात्ताप म्हणून सांगत राहिले.

अहो, ते होय ती दर शनिवारी गच्चीवर म्हणत होती. तुम्ही कधी जिना चढून आलाच नाहीत.

आज उपासनेच्या शेवटी साक्ष द्यायची, म्हणजे सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगायची वेळ झाली, तेव्हा मी उठले. आमच्यात साक्ष कोणीही देऊ शकतं, शिक्षण विचारत नाहीत.

पाळकसाहेबांना अंदाज आला असावा. हळूच अर्ध्या कानडीत म्हणाले, "अक्का, साकु, आता पुरे. तिकडे जेवण वाढलंय ना, अल्वा?"

"जेवण थांबेल," मी म्हटलं. "माझी बहीण परत आली नाही. ती गेलीच नव्हती. तिला बाहेर बसवलं ते तुम्ही."

आमेन कोणी म्हणालं नाही.

बाहेर चपला घालताना ते म्हणाले, "माझा तसा उद्देश नव्हता."

"मग येत्या रविवारी चर्चमध्ये त्याच व्यासपीठावरून तसं सांगा."

"बघू," म्हणाले.

'बघू' नको. सगळ्यांसमोर बोललात, सगळ्यांसमोर दुरुस्त करा. तोवर ही पोस्ट इथे राहील. मुलगा काढ म्हणतोय. मी काढणार नाही.

ताई, तुझे ते लांबलचक दिवस मला अजून पटलेले नाहीत.

आता तू त्यालाच विचारलं असशील. मी आले की खरं काय ते सांग. मी चुकले असेन तरी सांग.

प्रभूपाशी सुखानं राहा.

तुझी धाकटी