निवडुंगाला लागलेला कापूस

लोहगडाच्या पायथ्याशी आमचं शेत होतं आणि त्याच्या वरच्या अंगाला वाडीतल्या एका म्हाताऱ्या मावशीचा नाचणीचा तुकडा. तिला मागंपुढं कोणी नव्हतं. नवऱ्यानं हयातीत तुकड्याभोवती फड्या निवडुंगाचं कुंपण लावलं होतं. त्यातल्या कोपऱ्यातल्या निवडुंगाचं वाढून चांगलं झाड झालं होतं, माझ्या डोक्याच्याही वर गेलेलं.

मला ज्ञान पाजळायची भारी हौस. तळेगावात चार बुकं शिकलो होतो ना! मावशीला ऐकवायचो, "हे फडे म्हणजे पानं नव्हेत, खोड आहे. जुने फडे जाड होतात, करडे पडतात, एकात एक मिसळतात आणि त्यांचाच असा बुंधा होतो."

"आसंल बाबा," ती म्हणायची. "माज्या मालकानं एक फडा रवला व्हता, यवढं ठावं हाय."

आमच्या शेताच्या खालच्या टोकाला मात्र ह्याच निवडुंगानं उच्छाद मांडला होता. तोडावा, तर पडलेला प्रत्येक तुकडा मुळं धरी. निवडुंग खाणारा किडा निघालाय असं तळेगावात कळलं. कापसासारखा पांढरा, चिरडला की लालभडक. किडा लागलेला एक फडा मी पोत्यात घालून आणला आणि कुणाला न विचारता खाली बांधावर टांगला. थोड्याच दिवसांत आमचा निवडुंग मऊ पडून कोसळू लागला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

बांध कुठं संपतो हे किड्याला कळत नाही. मला कळत होतं.

एके सकाळी मावशी धापा टाकत आली. "भाऊ, माज्या झाडाला ह्यो कापूस कसला वो फुटलाय? पुसाय गेले तर रगत आलं." तिचा पदर लाल झाला होता.

लागलेले फडे तोडून जाळ, एवढं सांगितलं असतं तर निम्मं कुंपण तरी वाचलं असतं. पण किडा आला कुठून, हेही मग सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "हवेनं होतं, मावशी. जाईल आपोआप."

ती रोज ओल्या फडक्यानं एकेक फडा पुसत बसायची. बोटं काट्यांनी भरायची. हात पोचेल तिथपर्यंत पुसायची, वरचं राहायचं. मी बांधावरून पाहायचो आणि मान फिरवायचो. अखेर झाड कोसळलं, त्याच्या मागं सगळं कुंपण. त्या साली रानडुकरांनी तिच्या नाचणीचं एक कणीस ठेवलं नाही.

नंतर ती आमच्या दारात आली. आमच्या खालच्या बांधाची दशा तिनं तेव्हा कुठं पाहिली होती. गेल्या सालची मडक्यात उरलेली नाचणी तिनं पदरात बांधून आणली होती.

"भाऊ, रोग माज्याच झाडाला पयला लागला आसंल," ती म्हणाली. "वरनं खाली आला. माज्यापायी तुमचा बांध उघडा पडला. राग धरू नगा."

आई माझ्याकडं पाहत होती. खरं सांगायची मला शरम वाटली. मी म्हणालो, "जाऊ दे, मावशी. राग नाही आमचा."

तिला केवढं हायसं वाटलं! नाचणी सुपात ओतून, पदर झटकून ती गेली. त्या नाचणीच्या भाकरी आम्ही तीन दिवस खाल्ल्या.