सासूला कुठल्या कप्प्यात घालू?

कुल्याशचं नाव निघालं की आमच्या इमारतीतले पुरुष आजही विषय बदलतात. बदलू देत. मी बदलणार नाही.

ती चौथ्या मजल्यावर राहते, मी तिसऱ्यावर. अल्माटी शहरातल्या या जुन्या पाच मजली इमारतींना लिफ्ट नाही आणि जिने असे अरुंद की कपाट वर न्यायचं तर सुटं करून न्यावं लागतं. कुल्याश रजया शिवते, लोकर भरलेल्या, अंथरायच्या आणि पांघरायच्या, मुलीच्या लग्नात देतात तशा. आसपासच्या निम्म्या सुना तिच्याच रजईवर बसून पाहुण्यांना चहा ओततात. नवरा तरुणपणीच गेला. तेव्हा तिचे भाऊ तिला माहेरी न्यायला आले होते. "आणि माझ्या सासूला कोण बघणार, तुमच्या बायका?" असं विचारून तिने त्यांना पोटभर जेवायला घातलं आणि परत पाठवलं. तोंड तिखट, पण दारातून कुणाला उपाशी जाऊ देत नाही, अशी बाई. तिची सासू म्हणजे बालझान आपा; म्हाताऱ्या बाईला आम्ही आपा म्हणतो. कमरेचं हाड मोडल्यापासून त्यांना उभं राहता येत नाही. खिडकीशी बसून त्या अख्ख्या अंगणावर नजर ठेवतात आणि कुणाची सून उशिरा उठते ते सगळ्यांच्या आधी त्यांना कळतं.

एका हिवाळ्यात जमीन जोरात हलली. सगळी इमारत स्लीपर घालून बर्फात जाऊन उभी राहिली. कुल्याश मात्र वर दाराच्या चौकटीत सासूचं डोकं मांडीवर घेऊन बसून होती. खाली आम्ही एकमेकांना मोजत होतो. त्या दोघी नाहीत हे मी ओरडून सांगितलं, तर पुरुषांकडून उत्तर आलं, "आता थांबलंय ना, मग काय!"

त्यानंतर शहराला भूकंपात उचलून पळायच्या पिशवीचं वेड लागलं. बाजारात पाठपिशव्या मिळेनात. ज्याच्या त्याच्या दाराशी भरलेली पिशवी उभी राहिली. आमच्या जिन्याचा कारभार ओराल्बेककडे. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस, त्याला समोर माणसं बसवून बोलायची सवय. त्याने सगळ्यांना खाली बोलावलं आणि स्वतःची पिशवी उघडून दाखवली. पाणी, बॅटरी, शिट्टी, पासपोर्ट, औषधं, लोकरीचे मोजे, चहा, साखर आणि वाळवलेल्या दह्याचे गोळे, ते वर्षभर टिकतात म्हणून.

"प्रत्येक गोष्टीला कप्पा आहे," तो कौतुकाने म्हणाला. "ज्याला काही शंका असेल त्याने विचारा."

"मला आहे," कुल्याश म्हणाली. "सासूला कुठल्या कप्प्यात घालू?"

लोक खो खो हसले. मला अजून त्या हसण्याची चीड येते. बाईने विनोद केलाच नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्या तालगतने तर डोळे पुसत सांगितलं की त्याने मांजरासाठी खास पिंजरा आणलाय, आत मऊ गादीसुद्धा आहे. म्हणजे या इमारतीत मांजराची सोय झाली होती.

कुल्याश घरी गेली आणि कामाला लागली. जाड लोकरी गालिचा घेतला, ट्रकवर सामान बांधतात ते पट्टे आणले आणि गालिच्याखालून आरपार नेऊन दोन्ही बाजूंना मुठी शिवल्या. मशीनची सुई मोडली, तर सुतळीच्या दाभणाने हाताने शिवलं. मी पट्टे ताणून धरत होते. मग तिने जिन्यातल्या चार धडधाकट पुरुषांना रविवारी चहाला बोलावलं. चहा झाला, मांस झालं, आणि तिने गालिचा पसरला.

"आपांना यात बसवून एकदा खाली न्यायचं आणि वर आणायचं. सवय हवी, नाहीतर वेळेवर घोटाळा होईल."

चौघांचे चेहरे उतरले. आमच्यात घरातून गालिच्यात गुंडाळून माणूस बाहेर नेतात तो एकदाच नेतात, आणि परत आणत नाहीत.

"वहिनी, हे बरं नाही," ओराल्बेक म्हणाला. "जिवंत माणसाला असं नेणं म्हणजे मरण बोलावणं. आम्ही हात लावणार नाही."

"मग कशाला हात लावाल? तुमच्या शिट्टीला?"

"वेळ आली की बघू ना! आम्ही काय मेलोय का?"

"वेळ आली की तुम्ही अंगणात असता!"

ते उठले, हात जोडल्यासारखं केलं आणि उरलेलं मांस पिशवीत बांधून घरी नेलं. पाहुण्यांबरोबर शिदोरी द्यायची रीत आहे, तिने दिली. तिच्या जागी मी असते तर दिली नसती.

बरं, पुरुष गेले तर म्हातारी अडून बसली. जिन्यावरून पाय पुढे करून उतरवलं तरच डोकं वर राहणार, आणि आपा म्हणे, "पाय पुढे करून मेलेल्याला नेतात. माझं डोकं पुढे कर."

"आपा, डोकं पुढे केलं तर तुम्ही उलट्या लटकाल. खाली पोचेपर्यंत खरंच जाल."

"मग जाऊ दे मला! तू तरी सूट."

कुल्याशने हातातला दाभण फेकला. "पुन्हा हे बोललात तर तुमचा चहा बंद. तुम्हाला सोडून जायचं असतं तर भाऊ आले तेव्हाच गेले असते."

म्हातारीने नाक मुरडलं. मग म्हणाली, "बरं. पाय पुढे चालतील. पण मेलेलं माणूस शिव्या देत नाही. मी पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत देणार. म्हणजे मरणालाही कळेल की इथे अजून कुणीतरी आहे."

"नेहमी देताच की," कुल्याश म्हणाली.

आम्ही दोघींनी एकदा अर्धा मजला उतरवून बघितलं. हात भरून आले, पण जमलं.

वसंत लागला तेव्हा पुन्हा हललं, सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी. आधी झुंबर वाजलं, मग कपाटातले पेले. मी दार उघडलं तर जिन्यात पाठपिशव्याच पिशव्या. पाचव्या मजल्यावरचे बापलेक तर कुल्याशच्या दारावरूनच उतरले होते, आणि ते दार सताड उघडं होतं. ओराल्बेक शिट्टी फुंकत खाली धावला. तालगतने पिंजरा छातीशी धरला होता. मी भिंतीला चिकटून सगळ्यांच्या उलट दिशेने वर चढले.

कुल्याशने सासूला गालिच्यावर घेऊन जिन्यापर्यंत ओढत आणलं होतं. मी खालून पायाकडच्या मुठी धरल्या, तिने डोक्याकडच्या. भिंतीतून चुन्याचे पोपडे पडत होते.  आणि वरून आपांचा आवाज अख्ख्या जिन्यात घुमत होता.

"ओराल्बेक! तुझ्या नातवाच्या सुंतेला माझा मेंढा खाल्लास, तो कुठल्या कप्प्यात ठेवलास रे? तालगत! मांजर नेलंस का? बरं केलंस, तुला म्हातारपणी तेच पाणी देईल! पोरींनो, नीट धरा, मला पाडून त्या नामर्दांना खूश करू नका!"

शेवटच्या वळणावर कुल्याशचा तळहात फाटला. तिने मूठ सोडली नाही. आम्ही बाहेर आलो तेव्हा जमीन थांबली होती.

अंगणात लोकांनी पटकन जागा केली. चादरी आल्या, कुणी उशी दिली. माणसं चांगली आहेत हो आमची, संकट टळल्यावर फारच चांगली. ओराल्बेक थर्मास घेऊन गुडघ्यावर बसला.

"आपा, चहा घ्या. साखर घातलीय."

आपांनी पेला घेतला नाही. श्वास सावरला, डोक्यावरचा रुमाल नीट केला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"ओराल्बेक, मी मरेन तेव्हा तुम्ही सगळे वर याल. पलीकडच्या इमारतीतलेही येतील. उचलायचा मान मला हवा म्हणून भांडाल, आणि वर्षभर सांगत फिराल की बालझानच्या मयताला जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. म्हणून आत्ताच सांगते, एवढे साक्षीदार आहेत. त्या दिवशी माझ्या गालिच्याला तुमच्यातल्या कुणी हात लावायचा नाही. मला या दोघींनी खाली आणायचं."

आमच्यात बायका मयताला खांदा देत नाहीत, कबरीपर्यंतही जात नाहीत. हे त्या अंगणातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पण असं कुठे असतं का, हे म्हणायला एकही पुरुष तोंड उघडेना.