भिंत पुसू नका

"भिंत पुसली कोणी?" बाप ओरडला तेव्हा मावशी सात-आठ वर्षांची होती, दाराआड जीव मुठीत धरून उभी.

"मी पुसली!" आई फणकारली. "पाहुणे यायचे होते. तुमच्या आईच्या पंज्यांनी काळीकुट्ट झाली होती."

"अगं, त्याच डागांवर हात टेकत ती न्हाणीपर्यंत जायची! आज डाग दिसले नाहीत, आधार चुकला आणि पडली!"

"मग सांगायचं ना! मी काय मनकवडी आहे?"

दोघांचंही खरं होतं, म्हणून तर भांडण दोन दिवस पुरलं. आजीचं मांडीचं हाड मात्र जुळलं नाही ते नाहीच.

पुढे मावशीला सुताराच्या घरात दिली. नवरा गेल्यावर त्याचं ड्रिल तिने उचललं आणि म्हाताऱ्या माणसांच्या घरी आधाराचे दांडे बसवायला लागली. न्हाणीत, संडासात, पायरीपाशी. कामाच्या आधी तिचा निरोप ठरलेला: "आठ दिवस भिंत पुसू नका." जिथे डाग, तिथे दांडा. लोक तिला दांडेवाली मावशीच म्हणायचे.

घड्याळं दुरुस्त करणारे एक काका एकटे राहत. न्हाणीच्या वाटेवर घसरले, आणि लेकीने निकालच दिला, "बाबा, आणखी एकदा पडलात की या घराला कुलूप, आणि तुम्ही माझ्याकडे." लेकीचं घर काही वाईट नव्हतं. पण तिथे त्यांचं टेबल नव्हतं, भिंग नव्हतं, भिंतभर टिकटिक नव्हती.

मावशी पोचली तर भिंती पांढऱ्याशुभ्र! तिने कपाळावर हात मारला.

"अगं, निरोप मिळाला नाही का?"

"मिळाला ना," लेक म्हणाली. "पुसू नका म्हणालात. आम्ही कुठे पुसली? रंगवून घेतली."

मावशीने पिशवीतून रेघा मारायची निळी पूड काढली आणि काकांच्या तळव्यांना चोळली. "चला काका, न्हाणीपर्यंत जाऊन या."

लेक बघत होती. काका हात पाठीमागे बांधून असे ताठ चालले, जणू सत्कार घ्यायला निघालेत. भिंतीला एक बोट लागलं नाही.

"बघा, बरे चालतात. छातीच्या उंचीवर लावा दांडे," लेक म्हणाली.

मावशीला ते पटेना. दांडा चुकीच्या जागी बसला तर काका पडणार, आणि मग कुलूप. तिने लेकीला कोपऱ्यावरच्या दुकानात स्क्रू आणायला पिटाळलं आणि स्टुलावर बैठक मारली.

"काय हो काका, घरी आलेल्या बाईला चहासुद्धा विचारत नाही?"

"अरे हो की!" काका लाजले. "बिनसाखरेचा चालेल ना?"

चहाच्या गडबडीत ते पूड विसरले. टेबलापासून ओट्यापर्यंत, ओट्यापासून न्हाणीत कप विसळायला, तिथून परत. लेक स्क्रू घेऊन आली तेव्हा भिंतीवर निळे पंजे उमटले होते. सगळे डाव्या हाताचे, सगळे कमरेच्या खाली.

"इतक्या खाली?" लेक खाली वाकून बघायला लागली. "बाबा इतके वाकले कधी?"

"तू समोर असलीस की वाकत नाहीत गं."

लेकीने एका पंज्यावर आपला हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

दांडे निळ्यावरच बसले. मग मावशी एकेका दांड्याला अख्खं अंग टाकून लटकली. "माझा हत्ती पेलला, तुमचं काय घेऊन बसलात!"

काका त्याच घरात राहिले. पुन्हा पडले नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मावशी स्क्रू आवळायला यायची, न बोलावता. होता होता तिचेच गुडघे बोलायला लागले, अंगाचं चिपाड झालं.

शेवटच्या खेपेला, ती शेवटची आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, तिने नेहमीसारखे स्क्रू आवळले आणि दांड्याला लटकली. दांडा हूं की चूं करेना. मावशीचं समाधान होईना. लेक आलेलीच होती.

"अगं, इकडे ये. माझ्यात आता वजन उरलं नाही. तूही लटक."

दोघी लटकल्या, हसून हसून बेजार झाल्या, दांडा मात्र हलला नाही. काका डाव्या हाताने दांडा धरत, उजव्या हातात चहा घेऊन आले. मावशीने तो बशीत ओतून प्यायला, साखर नाही म्हणून नेहमीसारखं नाक मुरडलं, आणि पिशवी उचलून पुढच्या घराकडे निघाली.